चंदनाचा ठिपका आणि स्पिरिटचा बोळा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. म्हणजे — अर्धी सांगून झाली आहे. दीडशे माणसांसमोर, माइकवरून, आणि त्या अर्ध्यावर मला टाळ्याही मिळाल्या. उरलेली अर्धी सांगायला बसले आहे तर हात उगाच टेबल पुसतो आहे. पण सांगणार. तुम्ही फक्त ऐका, मध्ये मला बरं वाटेल असं काही बोलू नका.

आधी थोडी शेखी मिरवू द्या. ती खरी आहे, आणि तिच्याशिवाय पुढचं कळणारही नाही. मी मूळची सांगलीची. नवरा मोटारींच्या कारखान्यात, म्हणून आम्ही चेन्नईला आलो आणि इथलेच झालो. तांबरमच्या पुढे एका शेडमध्ये माझं लेझरचं वर्कशॉप आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या जाड पाट्यांवर नावं, चिन्हं, चेहरे कोरायचे — शाळांची सन्मानचिन्हं, दवाखान्यांच्या पाट्या, निवृत्त होणाऱ्यांच्या भेटी. दोन मशीन, चार बायका आणि मी. आणि आमच्या शेडमधून बाहेर पडलेल्या पाटीला तडा जात नाही. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हे वाक्य बोलायला किती छाती लागते ते!

कारण कोरलेलं अ‍ॅक्रिलिक तडकतं. मोठी भेग नव्हे हो — केसाहून बारीक रेषा. पाटी मशीनमधून निघते तेव्हा काचेसारखी स्वच्छ असते. गिऱ्हाईक घरी नेतं, प्रेमाने पुसतं, आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडांपासून रेषा फुटू लागतात, कोळ्याने जाळं विणायला घ्यावं तशा. मग गिऱ्हाईक पाटी घेऊन परत येतं, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही.

असं का होतं ते मी आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. लेझर पृष्ठभाग वितळवतो, वितळलेला भाग झटकन गार होतो आणि आक्रसतो, खालचा भाग मात्र होता तिथेच असतो. दोघांच्या ओढाताणीत ताण कोंडून राहतो. वरून काही दिसत नाही. त्यावर स्पिरिट लागलं, काच पुसायचं औषध लागलं, की तो ताण वाट काढतो — तडा. म्हणून आम्ही साच्यात ओतून केलेलीच शीट घेतो, रोलरमधून ओढून काढलेली स्वस्त शीट शेडमध्ये येऊ देत नाही. एकाच फेरीत खोल कोरत नाही, कमी ताकदीने दोन-तीन फेऱ्या मारतो. आणि मग — हे माझं लाडकं — पाट्या भट्टीत ठेवतो. एका बंद पडलेल्या बेकरीची भट्टी आहे, अजून कधीकधी तिला बनपावाचा वास येतो. ऐंशी अंशांवर, जाडी बघून काही तास. मग भट्टी बंद करायची आणि दार उघडायचं नाही. आतल्या आत, सावकाश गार होऊ द्यायचं. घाई केली की सगळं पाण्यात. शेवटी साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

हे मी बाकीच्या कोरणाऱ्यांनाही शिकवते. कोइम्बतूर, मदुराई, इथे गिंडीला — माझ्या सांगलीच्या वळणाच्या तमिळमध्ये. लोक हसतात, पण वह्या काढून लिहून घेतात. माझा पहिला नियम तर सगळ्यांना पाठ झाला आहे: स्पिरिटची बाटली शेडबाहेर.

हा नियम मला कुठून मिळाला, असं कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर?

आता कावेरीबाईंविषयी सांगते. कावेरीबाई माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं — घरात मराठी, पण ती आपल्या पणजीच्या पणजीने बोलावी तशी, आणि मध्येमध्ये तमिळ. माझी मराठी ऐकून त्यांना पहिल्यांदा हसू आलं होतं आणि त्यांची ऐकून मला. यजमान सेतुराव, कारकुनीतून निवृत्त. कावेरीबाईंचं काम फिनिशिंगचं: कोरलेल्या पाटीवरचा कागद सोलायचा, धुवायची, पुसायची, खोक्यात घालायची. त्यांच्या हाताला असा हलकेपणा आहे की कागद निघाल्याचं पाटीला कळत नसेल. रोज सकाळी शेडच्या दारात त्या कोलम, म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायच्या. शुक्रवारी मशीनला हळदकुंकू. आणि आयुधपूजेला — म्हणजे आपल्या खंडेनवमीला — तर शेड त्यांचीच. भट्टी, पंखा, कात्री, स्विचबोर्ड, माझी स्कूटर, सगळ्यांना चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. इथे ज्या वस्तूने पोट भरतं तिला त्या दिवशी असं नटवल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या आयुधपूजेला आमच्याकडे एका मोठ्या शाळेची सन्मानचिन्हं तयार होती. साठ. माझी आजवरची सगळ्यांत मोठी ऑर्डर. भट्टी वगैरे तेव्हा काही नव्हतं, तडे मला ऐकूनच माहीत होते. पाट्या टेबलावर ओळीने मांडलेल्या, आणि कावेरीबाईंनी काय करावं? प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात एक चंदनाचा ठिपका, त्यावर कुंकू. साठ ठिपके. किती प्रेमाने केलं असेल ते आता दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की कोरलेल्या अक्षरांत लाल पूड उतरली आहे.

सगळ्या घरी गेल्यावर मी कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि एकेक पाटी पुसली. घासून, अक्षरांच्या आतपर्यंत. आई दवाखान्यात नोकरीला होती, आमच्याकडे लहानपणापासून कुठलीही गोष्ट स्वच्छ करायची म्हणजे स्पिरिट. पाट्या लखलखल्या. मी खूश होऊन त्या खोक्यांत भरल्या आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी विजयादशमीची सुट्टी.

त्यानंतरच्या सकाळी शाळेचे कार्यालयप्रमुख स्वतः न्यायला आले आणि मी पहिलं खोकं उघडलं. तडे. दुसरं उघडलं. तडे. साठांच्या साठ.

त्यांनी विचारलं, हे काय? आणि मी — विचार न करता, एक क्षणही न थांबता — कावेरीबाईंकडे बोट केलं. पूजेचं चंदन लावलं त्यांनी, मी म्हणाले. नको नको म्हणताना लावलं. त्यातलं काहीतरी अ‍ॅक्रिलिकला बाधलं. ‘नको नको म्हणताना’ — हे तर सरळसरळ खोटं. मी हूं की चूं केलं नव्हतं. आणि स्पिरिटचं नावही काढलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते आठवलंही नव्हतं, चंदनावरच माझा खरोखर राग होता.

कावेरीबाईंनी आपल्या उजव्या हाताची बोटं पाहिली. पालथी, मग सुलटी. त्यांवर काही सापडेल असं वाटलं असावं त्यांना.

शाळेने चार दिवसांची मुदत दिली. आम्ही नव्याने कोरायला घेतलं. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मला खात्री करून घ्यायची हुक्की आली. एक ताजा कोरलेला तुकडा घेतला, अर्ध्यावर चंदन लावलं. उरलेला अर्धा कोरा दिसावा म्हणून सवयीने स्पिरिटने पुसला. चहा घेऊन परत आले. चंदनाचा अर्धा — स्वच्छ. आणि पुसलेल्या अर्ध्यावर रेषा फुटत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत एक रेषा पुढे सरकली, थांबली, परत सरकली.

कावेरीबाई दहा पावलांवर बसून कागद सोलत होत्या. पाठमोऱ्या. मला फक्त हाक मारायची होती. ‘अहो, इकडे या, बघा’ — चार शब्द. मी तो तुकडा ओढणीत गुंडाळला आणि स्टेशनजवळच्या कचराकुंडीत टाकून आले. स्पिरिटची बाटली कपाटातून काढून घरी नेली. वास येतो, असं कारण दिलं. त्या दिवसापासून नियम झाला — स्पिरिट शेडबाहेर.

तर हे. मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवसापासून.

तुम्ही म्हणाल, तेव्हा नाही, मग महिन्याने सांगायचं होतं. वर्षाने? दर वर्षी सांगायची सोय होतीच की, आयुधपूजा दर वर्षी येते. पहिल्या वर्षी मी चंदनाची वाटी त्यांच्यासमोर धरली तेव्हा त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, “माझा हात नको, अम्मा. सेल्वीस सांगा. मी येथेच उभी राहते.” सेल्वी म्हणजे आमची मशीन चालवणारी. ती चंदन लावत फिरली आणि कावेरीबाई उंबऱ्याबाहेर हात जोडून उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी मी वाटी त्यांच्यासमोर धरलीच नाही, सरळ सेल्वीला दिली. दारातला कोलमही बंद झाला. पाट्यांचं काम मात्र त्या हातमोजे घालून करत राहिल्या, पहिल्यापेक्षाही हलक्या हाताने.

आणि मी काय करत होते? मी प्रसिद्ध होत होते. ती बाटली बाहेर काढली तेव्हाच माझी तड्यांशी लढाई सुरू झाली, आणि ती मी जिंकले. भट्टी आणली, वेळा मोजल्या, शेकडो तुकडे वाया घालवले, आणि एक दिवस असा आला की एकही पाटी परत येईना. काय दिवस होता तो! मी शेडमध्ये सगळ्यांना जिगरठंडा, मदुराईकडचं ते थंडगार गोड दूध, पाजला. यात खोटं काही नाही. फक्त भाषणांत लोकांना हसवायला मी एक किस्सा सांगू लागले: आमच्याकडे एका बाईंनी साठ सन्मानचिन्हांना चंदन-कुंकू लावलं, आणि साठही तडकली! हॉल हसायचा. दर वेळी हसायचा. मग मी गंभीर होऊन म्हणायची, बाहेरचा कुठलाही पदार्थ लावू नका. नाव घेत नसे मी. तेवढी सभ्यता होती म्हणे माझ्यात.

यंदा श्रावणाच्या सुमाराला एकदा जेवणाच्या सुट्टीत कावेरीबाईंनी सहज सांगितलं. त्यांच्या मुलीने क्रोमपेटला डब्यांचं छोटं दुकान काढलं. पहिला दिवा आईने लावावा, असा मुलीचा हट्ट. कावेरीबाईंनी नकार दिला. “लेकीस म्हटले, दुसऱ्या कोणाकडून लाव. माझ्या हातास गुण नाही. तिचे दुकान कशास बुडवू?” आणि दहीभात कालवू लागल्या. मुलगी रुसली, दिवा शेजारणीने लावला, संपलं.

नऊ वर्षं मी समजत होते की ही गोष्ट माझ्या शेडपुरती आहे. ती त्यांच्या घरी गेली होती. मुलीच्या दुकानात गेली होती. लाज वाटली — अशी, की उठून कुठेतरी निघून जावं.

पुढच्या महिन्यात गिंडीला कोरणाऱ्यांचं संमेलन होतं. मी कावेरीबाईंना म्हटलं, माझ्याबरोबर स्टेजवर चला. काय करायचं, तर चंदन लावायचं. त्यांचा चेहरा उतरला. “दीडशे लोकांसमोर? पुन्हा?” मी म्हटलं, माझ्यावर एकदा विश्वास ठेवा. आणि त्यांनी ठेवला. विचार करा, माझ्यावर.

तो दिवस मात्र डोळे भरून सांगण्यासारखा आहे. स्टेजवर टेबल, टेबलावर एकाच शीटचे, एकाच मशीनवर नुकतेच कोरलेले दोन तुकडे, मुद्दाम भट्टीत न घातलेले. वर कॅमेरा, मागे मोठा पडदा. मी कावेरीबाईंना हातमोजे काढायला लावले. त्यांनी वाटीत बोट बुडवलं. डाव्या तुकड्यावर चंदन, त्यावर कुंकू. उजव्या तुकड्यावर मी बोळा फिरवला, नऊ वर्षांपूर्वी फिरवला होता तसाच, घासून. मग आम्ही थांबलो. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज. आणि पडद्यावर माझ्या तुकड्याच्या अक्षराच्या कडेला पहिली रेषा उमटली. मग दुसरी. मग झुंडीने. लोक खुर्च्या सरकवून उभे राहिले.

डावा तुकडा मी साबणाच्या पाण्यात बुडवून कावेरीबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पुसला. पहिल्या रांगेतले एक म्हातारे कोरणारे, या धंद्यात सगळ्यांचे गुरू, भिंग घेऊन वर आले. तुकडा दिव्यासमोर धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. “ओण्णुमे इल्ले,” म्हणाले. काहीही नाही. एक रेषासुद्धा नाही. आणि त्यांनी वाकून कावेरीबाईंना नमस्कार केला.

मी माइक घेतला. म्हणाले, मी इतकी वर्षं जो किस्सा सांगून तुम्हाला हसवलं तो खोटा होता. त्या साठ पाट्या चंदनाने तडकल्या नव्हत्या, माझ्या स्पिरिटच्या बोळ्याने तडकल्या होत्या. ज्यांना दोष दिला त्या या कावेरीबाई. आणि मग म्हणाले — “हे मला कळायला वेळ लागला.”

वेळ लागला. तीन दिवस लागले होते. पण मी ‘वेळ’ म्हणाले आणि हॉलने नऊ वर्षं ऐकली. ऐकू दिली मी.

टाळ्या पडल्या. कावेरीबाईंनी माझ्या हातातून माइक घेतला. त्यांनी आयुष्यात कधी माइक धरला नसेल, आणि बोलल्या मात्र खणखणीत तमिळमध्ये. म्हणाल्या, माझे हात चांगले आहेत, हे आज तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मुलीने हे पाहायला हवं होतं. मग माझ्याकडे वळून हॉलला सांगितलं, “यांच्यावर कुणी रागावू नका. यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर नऊ वर्षं मला उंबऱ्याबाहेर उभं राहू दिलं असतं का?”

आणखी टाळ्या. मोठ्या मनाची बाई म्हणून मलाही. मी काय केलं असेल? मी हात जोडले, आणि मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

पंधरा दिवसांनी आयुधपूजा आली. कावेरीबाई सकाळी सातलाच हजर, केसांत मोगरा, नवी साडी. दारात एवढा मोठा कोलम घातला की स्कूटर आत घ्यायला जागा उरली नाही. सेल्वीच्या हातातून वाटी अक्षरशः हिसकावून घेतली. “पोदुम, पुरे. इतकी वर्षे तू केलेस, आता सर बाजूला.” भट्टीला ठिपका, पंख्याला ठिपका, कॅल्क्युलेटरला, झाडूला, साबणाच्या बाटलीला. नेण्यासाठी तयार असलेल्या चाळीस पाट्या टेबलावर होत्या. कावेरीबाई एक क्षण अडखळल्या, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चाळीसही पाट्यांना ठिपके. मग सगळ्याजणींनी मिळून त्या साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि एकेक उजेडात धरून पाहिली. चाळीसांच्या चाळीस स्वच्छ. सेल्वी नाचायचीच बाकी होती. मी रडले, आणि आनंदाने रडले, ते खोटं नव्हतं. संध्याकाळी आम्ही सगळ्या क्रोमपेटला गेलो. मुलीने दुकानातला समईचा दिवा मुद्दाम विझवून ठेवला होता. कावेरीबाईंनी तो पुन्हा लावला. मुलीने त्यांचा हात धरून ठेवला, किती वेळ सोडलाच नाही. अशी जीत मी पाहिलेली नाही. माझ्या भट्टीची जीत तिच्यापुढे काहीच नव्हती.

ती जीत त्यांची आहे, आणि ती मी काही केलं तरी आता कमी होणार नाही, याची मला खात्री आहे. पण त्यांनी हॉलमध्ये एक प्रश्न विचारला होता. ठाऊक असतं तर राहू दिलं असतं का?

राहू दिलं. ठाऊक असून. दर वर्षी वाटी सेल्वीला देताना मला त्या उंबऱ्याबाहेर दिसत होत्या, आणि मी दर वर्षी त्यांच्याकडे पाठ करून आरती म्हटली.

कावेरीबाईंना मराठी बोलता येते, आपली ही लिपी वाचता येत नाही. हे कागद पडून राहिले तर त्यांना कधीच कळणार नाही, हे मला लिहायला बसतानाच कळत होतं. म्हणून उद्या सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी, सेल्वी आणि बाकीच्या दोघींसमोर, मी हे त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. त्यांना जिथे थांबवावंसं वाटेल तिथे थांबेन. थांबवलं नाही तर शेवटपर्यंत वाचेन, मग कागद त्यांच्या हातात देईन आणि भट्टी पेटवायला जाईन.